पुतळ्याचा पाय आणि गावाचं गायरान

सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातल्या एस्पान्योला गावात, रिओ अरीबा काउंटीच्या कार्यालयाबाहेर काही माणसं प्रार्थना करायला आणि गाणी म्हणायला जमली होती. तीन वर्षांपूर्वी हलवलेला, इथे पहिली स्पॅनिश वसाहत आणणाऱ्या हुआन दे ओन्यातेचा ब्राँझचा अश्वारूढ पुतळा तिथे पुन्हा उभा करायचं काउंटीने ठरवलं होतं. विरोध पाहून तो बेत पुढे ढकलला गेला, पण माणसं जमलेलीच होती. त्या गर्दीत एकाने पिस्तूल काढलं आणि एक आदिवासी कार्यकर्ता गोळी लागून जबर जखमी झाला. तेव्हापासून या पुतळ्यावर जे जे बोललं आणि लिहिलं गेलं, त्यातलं बरंचसं मी वाचत आलो आहे. दोन्ही बाजूंचा संताप मला समजतो. पण ज्या रीतीने हा वाद घातला जातो आहे, ती रीत मला मान्य नाही.

वाद असा मांडला जातो: ओन्याते हा आमचा मूळपुरुष, त्याच्यामुळे इथे आमची भाषा, आमचा धर्म, आमची शेती आली, असं एक बाजू म्हणते. तो खुनी होता, त्याचा पुतळा म्हणजे आमच्या जखमेवर मीठ, असं दुसरी म्हणते. आणि लांबून बघणारे, त्यात आपली मराठी मंडळीही आली, खांदे उडवून म्हणतात, "अमेरिकेत सगळेच उपरे, कोणी कोणाची जमीन घेतली नाही सांगा!" माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. पुतळा हलवला हे योग्यच झालं, तो परत आणू नये. पण या काउंटीची खरी जखम ओन्याते आला त्या १५९८ पेक्षा, हा मुलूख अमेरिकेकडे गेला त्या १८४८ नंतरच्या साठेक वर्षांत अधिक शोधावी लागते. गावांच्या सामाईक जमिनी कागदोपत्री नाहीशा झाल्या, त्या याच वर्षांत. पहिलं कोण आलं यावर भांडण जितकं पेटतं, तितका जमीन कोणी आणि कशी नेली हा प्रश्न मागे पडतो.

आधी पुतळ्याबद्दल, कारण तो विषय टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. ओन्याते १५९८ च्या उन्हाळ्यात वसाहतवाल्यांचा तांडा घेऊन रिओ ग्रांदेच्या काठी ओके ओविंगे या तेवा भाषकांच्या गावी पोचला. गावाचं नाव बदलून त्याने सान हुआन ठेवलं आणि नदीपलीकडे आपली पहिली राजधानी थाटली. त्याच वर्षाच्या शेवटी नैर्ऋत्येकडच्या आकोमा या आदिवासी गावाच्या लोकांनी त्याच्या पुतण्याला आणि काही शिपायांना मारलं. उत्तरादाखल जानेवारी १५९९ मध्ये आकोमावर हल्ला झाला, शेकडो माणसं मारली गेली. मग खटल्याचं नाटक करून पंचवीस वर्षांवरच्या पुरुषांना वीस वर्षांची वेठबिगारी आणि एक पाऊल तोडण्याची शिक्षा सुनावली गेली. याच काउंटीतल्या आल्काल्दे गावाच्या रस्त्यालगत १९९० च्या दशकात बसवलेल्या पुतळ्याचा उजवा पाय ओन्यातेच्या आगमनाच्या चारशेव्या वर्षाच्या तोंडावर, रात्रीच्या अंधारात कोणीतरी करवतीने कापून नेला, तो याच आठवणीने. पाऊल पुन्हा ओतून जोडलं गेलं, आणि जून २०२० मध्ये काउंटीने पुतळाच उचलून नेला.

"त्या काळाची मापं वेगळी होती" हा पुतळ्याच्या बाजूचा सगळ्यात जोरदार मुद्दा, आणि तो एरवी मीही विचारात घेतो. सोळाव्या शतकातल्या माणसाला एकविसाव्या शतकाच्या पिंजऱ्यात उभं करू नये हे खरंच. पण इथे तो लागू पडत नाही. १६१४ साली खुद्द स्पॅनिश अधिकाऱ्यांनी ओन्यातेवर क्रौर्याचा खटला चालवून त्याला दोषी ठरवलं आणि न्यू मेक्सिकोत पाऊल ठेवायला बंदी केली. म्हणजे त्याचं वागणं त्याच्या काळाच्या मापानेही फाजील होतं. तो न्याय त्यांनी चारशे वर्षांपूर्वी दिला. आज आपण त्याच्यापेक्षा मवाळ का व्हावं? ओके ओविंगेच्या माणसाला रोज कामावर जाताना ज्या घोडेस्वाराखालून जावं लागत होतं, तो तिथून गेला, हे बरं झालं. प्रतीकांना अर्थ असतो. ज्या गावातला पोपे १६८० च्या स्पॅनिशांविरुद्धच्या उठावाचा सूत्रधार होता, त्या गावाला २००५ साली आपलं मूळ नाव परत मिळालं, आणि त्याच वर्षी त्याचा संगमरवरी पुतळा वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये बसला. त्या गावकऱ्यांना काय वाटलं असेल, याची कल्पना शिवाजी महाराजांच्या मुलखातल्या माणसाला करता येईल.

पण "आम्ही" आणि "ते" अशी जी रेघ या वादात ओढली जाते, ती या काउंटीत जमिनीवर सापडत नाही. पोपेने गाठी मारलेल्या दोऱ्या गावोगाव धाडून उठावाचा दिवस कळवला, सुमारे चारशे स्पॅनिश मारले गेले, त्यात एकवीस पाद्री होते, आणि बारा वर्षं स्पॅनिश इथून हद्दपार राहिले. ते परतले तेव्हा मात्र सत्तेचं गणित बदललं होतं. सरहद्दीवर पहारा ठेवायला त्यांना माणसं हवी होती, आणि ती त्यांनी कुठून आणली? अपाचे, कोमांचे, नाव्हाहो, यूट अशा टोळ्यांच्या आपसातल्या आणि स्पॅनिशांशी झालेल्या झटापटींत पकडली गेलेली मुलंबायका विकत घेऊन, बाप्तिस्मा देऊन, घरात नोकर म्हणून वाढवली जात. त्यांना हेनिसारो म्हणत. अठराव्या शतकाच्या शेवटी न्यू मेक्सिकोच्या वस्तीतला तिसरा हिस्सा हेनिसारो असावा असा अभ्यासकांचा अंदाज आहे. १७५४ साली गव्हर्नर तोमास वेलेस काचुपिन याने चामा नदीकाठच्या आबिक्यू इथे त्यांना गावठाण आणि सामाईक जमीन दिली. आज ज्या घरात स्पॅनिश बोलतात, ज्या आडनावांवर स्पेनचा शिक्का दिसतो, त्या घरांच्या अनेक पणज्या खापरपणज्या पकडून आणलेल्या पोरी होत्या. २००७ साली राज्याच्या विधिमंडळाने हेनिसारोंच्या वंशजांना इथले मूळ रहिवासी म्हणून मान्यता दिली. मग ओन्यातेचा वारसदार कोण आणि आकोमाचा कोण, हे पुतळ्याच्या दोन बाजूंना उभं राहून कसं ठरवायचं?

विस्ताराने ही काउंटी आपल्या पुणे जिल्ह्याएवढी आहे, पण २०२० च्या खानेसुमारीत वस्ती भरली ४०,३६३. दहातले सात जण स्वतःला हिस्पॅनिक म्हणवतात, पाचव्या हिश्श्याच्या आसपास आदिवासी, आणि उरलेल्यांत बहुतेक इंग्रजी बोलणारे गोरे. आखणीच्या नकाशावर मात्र मोठा भाग राष्ट्रीय वन, सरकारी जमीन आणि आरक्षित भूमी म्हणून रंगवलेला. नावातच 'वरची नदी' आहे, आणि खरोखर जिथे नदीचं पाणी पोचतं तिथेच गावं आहेत. १८५२ साली प्रदेशाच्या पहिल्या नऊ काउंट्यांत हिची नोंद झाली. त्या वेळी त्या गावांच्या मालकीत जे होतं त्याला स्थानिक लोक मेर्सेद म्हणतात.

मेर्सेद म्हणजे सनद. स्पेनच्या राजाने आणि नंतर मेक्सिकोने कुटुंबांच्या गटाला वसाहतीसाठी दिलेली जमीन. घरासाठी आणि शेतीसाठी पट्टे वेगवेगळे; पण डोंगर, कुरण, जळण, चुना, लाकूड, पाणी हे सगळं साऱ्या गावाचं, कोणाच्या एकट्याच्या नावावर नाही, विकताही येत नाही. मराठीत यासाठी शब्द तयार आहे, गायरान. पाण्याची व्यवस्थाही आपल्याला ओळखीची वाटेल. नदीतून काढलेल्या पाटाला तिथे आसेकिया म्हणतात, आणि आपला पाटकरी तो त्यांचा मायोर्दोमो. वसंताच्या तोंडावर पाट साफ करायचा दिवस येतो. मायोर्दोमो हातात माप घेऊन गाळाने भरलेल्या पाटावर पुढे पुढे चालत जातो आणि प्रत्येकाच्या वाट्याची लांबी आखतो. ज्याला पाण्याचा हक्क जास्त, त्याने फावडेवाले जास्त पाठवायचे. स्वतः नाही आलं तर मजूर लावायचा, तेही नाही तर पैसे भरायचे. सकाळी पाटाच्या तळाशी वाळलेल्या वेलींचा आणि पिवळ्या मातीचा थर असतो, दुपारपर्यंत पाटाचा तळ दिसू लागतो. न्यू मेक्सिकोत असे सातशेच्या आसपास पाट अजून चालू आहेत. पांझरा आणि मोसम नद्यांच्या काठच्या फड पद्धतीवर ज्यांनी काम केलं आहे, त्यांना यात काही नवल वाटणार नाही. सरकारने न सांगता, शेकडो वर्षं, माणसं पाणी वाटून खातात.

१८४८ च्या ग्वादालुपे हिदाल्गोच्या तहाने ही गावं मेक्सिकोतून अमेरिकेत आली. तहाने मालमत्तेच्या रक्षणाची हमी दिली होती. जमिनीच्या सनदा स्पष्टपणे मान्य करणारं दहावं कलम मात्र अमेरिकी सिनेटने मंजुरी देताना काढून टाकलं. १८५४ पासून सर्वेअर जनरलच्या कचेरीत सनदा तपासायला सुरुवात झाली, आणि १८९१ ते १९०४ एक खास न्यायालय बसलं. काउंटीच्या उत्तरेकडच्या तिएरा अमारियाची सनद १८३२ सालची, एका कुटुंबाला आणि त्याच्यासोबत वसणाऱ्यांना. १८६० साली काँग्रेसने ती एकाच घराण्याची खासगी मालमत्ता म्हणून कायम केली. पुढे थॉमस कॅट्रन या वकिलाने हिस्से घेत घेत जवळजवळ ५ लाख ९४ हजार एकर आपल्या हातात आणले. हाच कॅट्रन न्यू मेक्सिकोच्या पहिल्या दोन सिनेटरांपैकी एक झाला. गावकऱ्यांना कागद वाचता येत नव्हते म्हणून हे झालं असं म्हणणं अर्धवट आहे. वकिलाची फी भरायला त्यांच्यापाशी जमिनीशिवाय काही नव्हतं, म्हणून झालं.

जमीन जाण्याची दुसरी रीत न्यायालयाची. १८९७ च्या सँडोव्हल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असं धरलं की सामाईक जमीन गावाची नव्हतीच. ती राजाची होती, राजाकडून मेक्सिकोकडे आणि तिथून अमेरिकेकडे आली. एकेक घराचा आणि शेताचा पट्टा तेवढा गावकऱ्यांचा. चामाच्या खोऱ्यातल्या सान होआकिनच्या सनदेत गावाने सुमारे ४ लाख ७२ हजार एकर मागितले होते. पट्टा मिळाला १,४२२ एकरांचा. बाकीची जमीन काही वर्षांत राष्ट्रीय वनाच्या हद्दीत गेली. जिथे आजोबांची मेंढरं चरत, तिथे नातवाने परवाना मागायचा.

आपल्याकडच्या वाचकाने इथे थोडं थांबावं. ज्या १८५२ साली रिओ अरीबा काउंटी झाली, त्याच साली मुंबई इलाख्यात इनाम कमिशनचा कायदा झाला. दख्खनमध्ये गावोगाव साहेब येऊन म्हणू लागले, "सनद दाखवा." पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीचा पुरावा कागदावर मागितला गेला, आणि कागद नव्हता किंवा फाटला होता म्हणून हजारो वतनं खालसा झाली. एकाच दशकात जगाच्या दोन टोकांना दोन वेगळी सरकारं एकाच हत्याराने जमीन घेत होती, हा निव्वळ योगायोग मला वाटत नाही. जे जिथे तलवारीने मिळत नाही, ते तिथे दफ्तराने मिळवता येतं, हे त्या शतकाला उमजलं होतं. लांबून "सगळेच उपरे" म्हणणाऱ्याला मी एवढंच विचारतो: १५९९ च्या आकोमाला आणि १८९७ च्या सान होआकिनला एका टोपलीत टाकायचं तर मग दिलेल्या शब्दाला कोणता अर्थ उरतो? लढाईत जमीन जिंकणं वेगळं, आणि तह करून, हमी देऊन, मग कायद्याच्या पोटातून ती नेणं वेगळं.

आता समोरच्या बाजूचे तीन मुद्दे, जे मला सर्वात अवघड वाटतात. पहिला: मेर्सेदची जमीन तरी कोणाची होती? हिकारिया अपाचे आणि यूट यांची शिकारभूमी राजाने दुसऱ्याला दान केली. खरं आहे, आणि हा मुद्दा मेर्सेदच्या बाजूने बोलणारे अनेक जण टाळतात. पण एकाची जमीन दुसऱ्याला देणं चूक होतं म्हणून तिसऱ्याने ती दुसऱ्याकडून ढापणं बरोबर ठरत नाही. तो युक्तिवाद शेवटी फक्त कॅट्रनच्या कामाचा आहे. शिवाय हिकारियांचा स्वतःचा अनुभव पाहा. १८८३ मध्ये त्यांना दक्षिणेत दुसऱ्या टोळीच्या आरक्षणात हलवण्यात आलं, तिथून ते माघारी आले, १८८७ साली राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँडच्या हुकुमाने काउंटीच्या उत्तर-पश्चिमेला त्यांना भूमी मिळाली. ती तुकड्यातुकड्याने बाहेरच्यांना विकली गेली नाही, टोळीच्या हातात राहिली. पुढे तिच्या पोटात तेल आणि वायू सापडला, आणि त्यावर कर लावायचा त्यांचा अधिकार १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. १९९५ मध्ये चामा गावाजवळची, जुन्या तिएरा अमारियाच्या सनदेतली एक मोठी खासगी शिकारभूमी त्यांनी विकत घेतली. जिथे सामाईक जमीन टिकली तिथे पुढच्या पिढीच्या हातात काही आलं, एवढं तरी या इतिहासातून दिसतं.

दुसरा मुद्दा चळवळीचा. रेईस तिहेरिना या टेक्ससमधून आलेल्या धर्मोपदेशकाने १९६३ मध्ये मेर्सेदवाल्यांची संघटना उभी केली. १९६६ च्या शरद ऋतूत त्यांनी रस्त्यालगतच्या एको अँफिथिएटर या कातळाच्या नैसर्गिक कमानीपाशी वनखात्याच्या जागेवर ठाण मांडलं आणि जुन्या सान होआकिनचं प्रजासत्ताक जाहीर केलं. ५ जून १९६७ ला त्यांतल्या सशस्त्र लोकांनी तिएरा अमारियाच्या न्यायालयावर चाल केली. ज्या सरकारी वकिलाला पकडायचं होतं तो तिथे नव्हताच. दोन माणसं गोळीने जखमी झाली, आणि मग नॅशनल गार्डच्या चिलखती गाड्यांनी डोंगर धुंडाळला. त्यातला जखमी तुरुंगरक्षक पुढच्या जानेवारीत मारहाणीत मेला, तो खून कधीच उलगडला नाही. तोही त्याच खोऱ्यातला, स्पॅनिश बोलणाराच होता. मी या हिंसेला पाठीशी घालत नाही, आणि तिहेरिनाच्या पुतळ्याचीही मागणी करणार नाही. पण सत्तर वर्षं अर्ज करून कोणी ऐकलं नाही, आणि एका दुपारच्या गोळीबाराने सारा देश न्यू मेक्सिकोकडे बघू लागला, ही गोष्ट राज्यकर्त्यांनी लक्षात ठेवायला हवी. अर्जाला उत्तर देण्याची सवय लागली असती तर पिस्तुलाची वेळ येती ना.

तिसरा मुद्दा मला अधिक गंभीर वाटतो: राष्ट्रीय वन हे साऱ्या जनतेचं आहे, ते काही हजार कुटुंबांच्या हाती दिलं तर कुरणं उजाड होतील. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथले डोंगर अति चराईने झिजले होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तेव्हा सामाईक जमीन गावाच्या ताब्यातून आधीच गेलेली होती आणि मोठ्या व्यापाऱ्यांचे कळप तिथे फिरत होते. गावाचे नियम मोडले गेले तेव्हा कुरण गेलं. गाव नियम करतं म्हणून नाही. आणि जनता म्हणजे कोण? वनात लाकडाची मोळी घ्यायला परवाना मागणारी बाईही जनताच ना? गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला तेव्हा इथेही असाच धाक दाखवला गेला होता. जंगल उजाड झालं नाही. आपण ते इतक्या जवळून बघितलं आहे, की दूरच्या चामा खोऱ्यातल्या गावकऱ्यावर विश्वास ठेवायला आपल्याला अडचण पडू नये.

या तीन मुद्द्यांनंतरही एक प्रश्न उरतो: आता काय? अमेरिकेच्या केंद्रीय लेखापरीक्षण संस्थेने २००४ साली या सनदांची तपासणी करून अहवाल दिला. २९५ सनदांपैकी १५४ सामुदायिक होत्या. तहाचा कायदेशीर भंग झाला नाही असं संस्थेने म्हटलं, पण काँग्रेसला वाटलं तर चूक मान्य करणं, जमीन परत देणं, भरपाई देणं असे मार्ग मोकळे असल्याचंही तिने लिहिलं. वीसहून अधिक वर्षं झाली, एकही मार्ग धरला गेला नाही. न्यू मेक्सिकोने त्याच वर्षी उरलेल्या मेर्सेदना स्थानिक स्वराज्य संस्थेचा दर्जा दिला, हे त्यातलं एक ठोस पाऊल. ज्या काउंटीत अमली पदार्थांच्या अतिसेवनाने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण कित्येक वर्षं देशातल्या सर्वांत जास्त प्रमाणांपैकी आहे, तिथल्या पोरांना पुतळ्याचा वाद पुरेसा नाही. जमीन परत मिळाल्याने व्यसन सुटतं असा सरळ धागा मी ओढणार नाही, तसं म्हणणं खोटं होईल. पण ज्या गावात तरुणाला पाटाची, कुरणाची, सरपणाची आपली काही जबाबदारी असते, तिथे त्याला गावात राहायला एक कारण असतं. तिएरा अमारियाच्या रस्त्यालगत मेक्सिकोतला शेतकऱ्यांचा क्रांतिकारक झापाता याचा चेहरा आणि 'तिएरा ओ मुएर्ते', म्हणजे 'जमीन किंवा मरण', असं रंगवलेला फलक आहे. त्या शब्दांत पुतळ्याचं नाव नाही.

आबिक्यूची गोष्ट सांगून थांबतो. पकडून आणलेल्या मुलामुलींच्या वंशजांचं हे गाव, आणि त्यांची सामाईक जमीन आजही सुमारे १६ हजार एकर गावाच्या हातात आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस सांतो तोमासचा सण असतो. मुली लाल फिती लावून नाचतात, आणि नाचात मध्येच पाहुण्यांतल्या एखाद्याला धरून 'कैदी' केलं जातं; घरच्यांनी खंडणी भरून त्याला सोडवायचं. ज्या पणजीला कोमांच्यांनी नेलं आणि स्पॅनिशांनी विकत घेतलं, तिची आठवण तिची पणती असे पैसे मोजून ठेवते. नाच संपला की गावकरी चर्चच्या अंगणातून आपापल्या घरी जातात. गावामागच्या पठारावर गुरं चरत असतात, आणि ती कोणाची म्हणून विचारलं तर नावं वेगवेगळी येतात. कुरण मात्र साऱ्यांचं आहे.